नाटकासारखा पिक्चर कसा बघायचा: पहिल्यांदा 'रोप' बघणाऱ्यांसाठी

आपल्याकडं जत्रेला, गणपतीला नाटक बसवणारी माणसं काय कमी नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही गावात जावा, एकतरी जण सापडतोच ज्यानं कधीतरी तोंडाला रंग लावलेला असतोय. पण ह्याच लोकांना जुना इंग्लिश सस्पेन्स पिक्चर बघूया म्हटलं की लगेच सुरू, "नको रे बाबा, एका खोलीत बसून नुसतं बोलत असतात, झोप येते." अहो, एका खोलीत बसून बोलणं हेच तर तुम्ही स्टेजवर तीन अंक करता की! असला पिक्चर कळायला फिल्म क्लबचा मेंबर असावं लागत नाही, विंगेत उभं राहून नाटक बघितलेल्या माणसाला तो उलट लवकर कळतो, फक्त नजर कुठं ठेवायची ते आधी कोणीतरी सांगायला पाहिजे. म्हणून हे लिहूलोय.

कुठला पिक्चर घ्यायचा

'रोप', म्हणजे इंग्लिशमध्ये दोरी. आल्फ्रेड हिचकॉकचा, १९४८ चा. साल बघून ब्लॅक अँड व्हाईट असेल असं वाटतंय, पण नाही, हिचकॉकचा पहिला रंगीत पिक्चर हाच. लांबी फक्त ८० मिनिटं, म्हणजे आपल्या एका अंकापेक्षा थोडी जास्त. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९२९ च्या नाटकावरून घेतलाय, नाटक लंडनमधलं, पिक्चरमध्ये ते न्यूयॉर्कला नेलं. टायटलं चालू असतात तेवढाच रस्ता दिसतो, मग एक फ्लॅट, एक संध्याकाळ, संपलं. फ्लॅशबॅक नाही, 'दोन दिवसांनी' नाही, गाणं तर नाहीच.

बरेच जण हिचकॉकची सुरुवात 'सायको'नं करतात. माझं मत विचाराल तर नको. त्यात दचकवणं जास्त आहे आणि दचकायला काही शिकावं लागत नाही. 'रोप'मध्ये कोणी दचकवत नाही, तरी सत्तर-ऐंशी मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसायला लागतंय, ते कसं जमवलं हे बघायचंय आपल्याला.

गोष्ट किती सांगून ठेवायची

सस्पेन्स पिक्चर म्हटला की गोष्ट सांगू नये असा आपला नियम, पण इथं पहिला भाग सांगूनच ठेवा, काही बिघडत नाही, कारण पिक्चर स्वतःच तो टायटलं संपल्या संपल्या सांगून टाकतो. ब्रँडन आणि फिलिप अशी दोन पोरं, शिकलेली, पैसेवाली. डेव्हिड नावाच्या आपल्याच मित्राचा दोरीनं गळा आवळतात. भांडण नाही, पैसा नाही, पोरीवरून काही नाही. आपण साध्या माणसांपेक्षा वरच्या दर्जाचे, आपल्याला कायदा लागू होत नाही, एवढंच स्वतःला सिद्ध करून दाखवायचंय. प्रेत हॉलमधल्या मोठ्या लाकडी पेटीत टाकतात आणि त्याच संध्याकाळी घरात पार्टी ठेवतात. ती पण कोणाला, तर मेलेल्याच्या बापाला, त्याच्या होणाऱ्या बायकोला, तिच्या आधीच्या मित्राला. त्यावर कडी म्हणजे जेवणाचं टेबल मांडलेलं असताना ब्रँडन सगळं जेवण उचलून त्या पेटीवर आणतो. मेणबत्त्या लावून!

(हे असलं कोण करेल असं वाटेल, पण १९२४ मध्ये शिकागोत लिओपोल्ड आणि लोब नावाच्या दोन श्रीमंत घरच्या विद्यार्थ्यांनी १४ वर्षांच्या एका पोराला असंच, 'आपल्याला जमतंय काय बघूया' म्हणून मारलं होतं. नाटकाचं मूळ तिथंच आहे असं बरेच जण मानतात.)

ह्याच्या पुढचं मात्र कोणी सांगितलं तर त्याला बाहेर काढा.

एक काम अवश्य करा. नाटकाच्या हँडबिलावर पात्रपरिचय असतो ना, तसा एका कागदावर लिहून भिंतीला लावा. इंग्लिश नावं पटापट येतात आणि पहिली दहा मिनिटं माणूस कोण कोणाचं ह्यातच अडकतोय. ब्रँडन: उंच, हसरा, डोक्यात हवा. फिलिप: पियानो वाजवणारा, घाबरलेला. मिस्टर केंटली: डेव्हिडचे वडील, म्हातारे, पुस्तकांचे वेडे. मिसेस अॅटवॉटर: डेव्हिडच्या आईच्या जागी आलेली गप्पिष्ट नातेवाईक बाई. जॅनेट: डेव्हिडची होणारी बायको. केनेथ: जॅनेटचा आधीचा. रुपर्ट: पोरांचा शाळेतला जुना मास्तर, हे काम जेम्स स्टुअर्टनं केलंय. आणि मिसेस विल्सन, घरकाम बघणारी. शेवटचं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहा, का ते पुढं सांगतो.

मांडणी

दिवेलागणीला सुरू करा. हे उगीच सांगत नाही. फ्लॅटला पाठीमागं मोठी काचेची खिडकी आहे, तिच्यातनं न्यूयॉर्कच्या इमारती दिसतात, आणि पिक्चर चालू असताना बाहेर संध्याकाळ होते, अंधार पडतो, एकेक दिवा लागतो. तुमच्या घरातल्या खिडकीतही तेच होत असलं की मजा दुप्पट होते. दिवसा पडदे ओढून बघितला तर हे सगळं वाया.

चहा, कुंदा, चिवडा काय असेल ते आधी उरकून घ्या. मध्ये इंटरव्हल नको. नाटकाला कसं तिसरी घंटा झाली की पडदा वर आणि मग आत कोणी सोडत नाही, तसंच. फोन दुसऱ्या खोलीत. पॉझ करायचा नाही, कारण इथं वेळ तुटला की सगळंच तुटतंय, पात्रांच्या घड्याळात आणि तुमच्या घड्याळात जवळपास एकच वेळ चालू असते. लाईट जाईल ह्याची भीती असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा आणि छोटा स्पीकर बॅटरीवरचा घ्या. स्पीकर पाहिजेच, ह्यात पडद्याबाहेरून येणारं बोलणं फार महत्त्वाचं आहे. इंग्लिश सबटायटल चालू ठेवा, एखादं पोर शेजारी बसून हळू आवाजात सांगत असेल तर अजून बरं, पण सारखं सारखं नको. आणि हॉल घेऊन, पावती फाडून दाखवायचा विचार असेल तर आधी दाखवायच्या हक्कांची चौकशी करा, घरच्या घरात दहाजण बसून बघणं वेगळं.

पहिल्यांदा बघताना: फक्त पेटी

पहिल्या वेळी कॅमेरा, शॉट, टेक्निक काही बघू नका. पेटीवर नजर ठेवा. कोण तिच्याजवळ गेलं, कोणी तिच्यावर ग्लास ठेवला, कोण टेकलं, कोणी हात फिरवला. बाकी पात्रं बोलतात ते अर्धं कळलं नाही तरी चालतंय.

हिचकॉक एक उदाहरण नेहमी द्यायचा, ते डोक्यात ठेवून बघा. टेबलाखाली बाँब आहे आणि बघणाऱ्यांना ते माहीत नाही, तर गप्पा चालू असताना एकदम फुटतो, पंधरा सेकंद धक्का, झालं. पण बाँब ठेवताना लोकांनी बघितलंय, तो एक वाजता फुटणार आणि भिंतीवर पाऊण वाजलाय, तर मग त्याच कंटाळवाण्या गप्पा ऐकताना लोकांचा जीव वरखाली होतोय, अहो गप्पा काय मारता, खाली बघा की! म्हणजे सस्पेन्स म्हणजे लपवणं नव्हेच. सांगून टाकायचं आणि मग ताटकळत ठेवायचं.

आपल्या भागातल्या माणसाला हे नवीन नसावं. 'संग्या बाळ्या' बघितलंय ना? बैलहोंगलची गोष्ट, कन्नड सण्णाट म्हणजे तिकडचं लोकनाट्य, पण मराठी गावांतनंही लोक बघायला जातात. संग्या मरणार हे बघायला बसलेल्या पोराटोरांनासुद्धा ठाऊक असतंय, जिवलग मित्र म्हणवणारा बाळ्याच त्याला दगा देणार हेही ठाऊक. तरी बाळ्या त्याला बोलवायला येतो तेव्हा म्हाताऱ्या बायका खालून ओरडतात, जाऊ नको म्हणून. कोणाला 'खुनी कोण' हे शोधायचं नसतंय तिथं. 'रोप' बघायला हेच डोळे लागतात, आणि ते आपल्याकडं आधीपासून आहेत.

मिसेस विल्सन

आता ते मोठ्या अक्षरातलं नाव. पार्टी निम्म्याच्या पुढं गेलीय, डेव्हिड अजून का आला नाही ह्याची सगळ्यांना काळजी लागलीय, चर्चा चालू आहे. आणि कॅमेरा काय करतो, तर बोलणाऱ्यांकडं बघतच नाही! पेटीच्या बाजूला गप उभा राहतो. बोलणारे जवळजवळ सगळे फ्रेमच्या बाहेर, आवाज फक्त येतोय. समोर पेटी, मागं आतल्या खोलीपर्यंत सरळ दिसतंय, आणि त्या वाटेवरून मिसेस विल्सन एकटी येरझाऱ्या घालतेय. ताटं उचलली, आत ठेवून आली. मेणबत्त्या उचलल्या, आत गेली, आली. टेबलक्लॉथ काढला. आता पेटीवर काही उरलं नाही. मग ती पुस्तकांचा गठ्ठा घेऊन येते, कारण तिच्या मते पुस्तकं पेटीत ठेवायची असतात आणि ती कामाची बाई आहे, जिथली वस्तू तिथं ठेवणार. खाली वाकते. झाकणाला हात घालते.

पुढं काय ते बघा तुम्ही.

आमच्याकडं हा पिक्चर लावला होता तेव्हा शेजारच्या आज्जी बसल्या होत्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी व्यवहारापुरतं येतं, इंग्लिशचा एक शब्द नाही. तोवर शांत होत्या, ताटं न्यायला लागल्यावर सरसावून बसल्या, आणि झाकणाला हात लागला तसा मोठ्यानं म्हणाल्या, "अय्यो, तेगीब्याडव्वा!" उघडू नको गं बाई! आणि लगेच पदर तोंडाला लावला, कारण आपण कोणाच्या बाजूनं बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. खुनी पकडला जावा असं वाटायला पाहिजे ना? पण त्या क्षणी सगळी खोली खुन्यांच्या बाजूची झालेली असते. हिचकॉक माणूस डांबरट होता, तो हे मुद्दाम करतो, आणि हे करायला त्याला ना म्युझिक लागलं ना क्लोजअप, एक कामवाली बाई आणि तिची दोन-तीन वेळची ये-जा, बस.

दुसऱ्यांदा बघताना: सांधे

दोन-चार दिवसांनी परत लावा, आता कॅमेऱ्याकडं बघा. टायटलांतला रस्ता सोडला तर अख्खा पिक्चर मोजून दहा शॉटचा. आजच्या पिक्चरमध्ये दहा शॉट एका मारामारीत संपतात. त्या काळी कॅमेऱ्यात हजार फुटांचं रीळ बसायचं, म्हणजे दहा-अकरा मिनिटं, त्याच्यापेक्षा लांब शॉट घेताच यायचा नाही. मग रीळ संपत आलं की कॅमेरा कोणाच्या तरी कोटाच्या पाठीवर इतका जवळ जातो की पडदा काळा होतो, रीळ बदलतात, तिथूनच परत सुरू. पहिल्यांदा बघताना हे लक्षात येत नाही, दुसऱ्यांदा बघताना कोण पाठ करून मध्येच उभा राहिला की हसू येतं. पोरांना सांगा सांधे मोजायला, मजा येते.

पण सगळे सांधे लपवलेले नाहीत हं, काही ठिकाणी सरळ कट आहे. ह्याचं कारण जुन्या टॉकीजच्या ऑपरेटरांना लगेच कळेल. प्रोजेक्टरवर वीसेक मिनिटांचं रीळ चढायचं, एका मशिनवरचं संपलं की दुसऱ्या मशिनवर घ्यायचं, आणि तो बदल बिनधोक व्हायला तिथं साधा कट लागतो. म्हणून एक सांधा कोटाआड, एक उघडा, असं चालतं. फिलिप ओरडतो, "खोटं आहे हे!" आणि कट करून रुपर्टचा चेहरा, तो उघड्यातला एक. आणि बघा, अडचणीचा कट पण कसा वापरलाय, मास्तरला संशय येतो तो नेमका तिथं.

नेपथ्य करणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणावी. तो रंगीत पिक्चरचा कॅमेरा म्हणजे केवढं तरी धूड, आणि तो खोल्या-खोल्यांतून फिरतोय. जाणार कुठून? भिंती रुळांवर होत्या. कॅमेरा आला की भिंत बाजूला सरकायची, गेला की परत जागेवर, आवाज न करता. खुर्च्या-टेबलं माणसं खाली वाकून ओढून घ्यायची आणि नट बसायच्या आत परत लावायची. नट मागं न बघता बसतोय, खुर्ची असेल ह्या भरवशावर! आणि संवाद म्हणायचे पण न चुकता, कारण नवव्या मिनिटाला कोण अडखळलं तर पहिल्यापासून. आपल्याकडं निदान प्रॉम्प्टर तरी असतोय.

खिडकीबाहेरचं ते शहर म्हणजे पण सेटच, मागं मोठा सायक्लोरामा, म्हणजे आकाश दाखवणारा वळवलेला पडदा, इमारतींना खरे दिवे, ढग काचेच्या तंतूंचे आणि ते अधूनमधून हलवलेले. शूटिंग झाल्यावर हिचकॉकला सूर्यास्त फार भडक, नारिंगी वाटला म्हणून शेवटची रिळं परत शूट केली. एक लाल निऑनची पाटी पण त्या अंधारात चमकते, तिच्यावर एका जाड्या माणसाची बाह्यरेषा आहे, तो स्वतः हिचकॉक. शोधा, सापडेल.

तर नाटकात आपली खुर्ची जागेवर खिळलेली असते आणि 'रोप'मध्ये तीच खुर्ची उठून घरभर चालायला लागते, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे. ज्यांना हा पिक्चर 'नुसतं नाटक शूट केलंय' वाटतं त्यांनी मिसेस विल्सनचा तो तुकडा परत बघावा. स्टेजवर तसं करता येत नाही, तिथं बोलणारी माणसं समोर असतातच, लोक त्यांच्याकडं बघणारच.

काय खटकतं

सगळंच भारी आहे असं नाही. स्वतः हिचकॉकनं नंतर ह्याला एक स्टंट म्हटलंय आणि ते अगदीच खोटं नाही, कुठं कुठं कॅमेरा फिरायचा म्हणून फिरतो. फिलिप सुरुवातीपासूनच इतका घाबरलेला आहे की पाहुण्यांना काही कळत कसं नाही असं वाटत राहतं. आणि शेवटी रुपर्टचं लांबलचक भाषण येतं ते मला पटत नाही. 'काही माणसांना खून करायचा हक्क असायला पाहिजे' असल्या गप्पा ह्यानंच पोरांना शाळेत शिकवलेल्या, पार्टीत पण हसत हसत तेच बोलतो, आणि शेवटी आवाज चढवून पोरांनाच नैतिकता शिकवतो. हे हिचकॉकनं मुद्दाम केलंय की अनवधानानं, ह्यावर बघून झाल्यावर भांडा, चांगला तासभर जातो. आमच्यात त्यावरून दोन पार्ट्या आहेत, अजून मिटलेलं नाही.

स्वतः नाटक बसवणार असाल तर

संवाद, पात्रं उचलू नका, युक्ती उचला. गोष्ट आपली लिहा, शहापूरच्या माडीवरची असू दे नाहीतर चिकोडीच्या तंबाखूच्या वखारीतली. वस्तू स्टेजच्या मधोमध, पुढं ठेवा, आणि तिच्यात काय आहे ते पहिल्या प्रवेशातच लोकांना दाखवून टाका. ट्रंक घेणार असाल तर तिच्यात खरंच माणूस मावेल एवढी घ्या, छोटी असली की शेवटच्या रांगेतनं कोणीतरी बोंब मारणारच. नटांना ताकीद द्या की वस्तूकडं बघायचं नाही. ज्याला माहीत आहे त्यानं तर बिलकूल नाही, फक्त तिच्याभोवती वावरायचं. ब्लॅकआउट शक्यतो टाळा. मागच्या पडद्यावरचा उजेड डिमरनं इतका हळू खाली आणा की कमी होतोय हे कळूच नये. आणि एक पात्र असं ठेवा ज्याला काहीच माहीत नाही आणि जे फक्त आपलं रोजचं काम करतंय, झाडतंय, भांडी उचलतंय. सगळा ताण त्याच्याच हातात असतोय, म्हणून ते काम नवख्या पोराला 'छोटा रोल आहे' म्हणून देऊ नका.

ह्याच्यानंतर काय

'डायल एम फॉर मर्डर', १९५४, परत हिचकॉक, परत नाटकावरून, फ्रेडरिक नॉटच्या. ह्यात पेटीच्या जागी दाराची किल्ली आहे, कुठली किल्ली कोणाकडं हे कागदावर लिहीत बसा नाहीतर शेवटी गोंधळ होईल. 'रिअर विंडो' पण १९५४ चाच, त्यात खोली एकच पण खिडकीतनं मागच्या अंगणाभोवतीचा अख्खा शेजार दिसतो, तो तिसऱ्या नंबरला बघा. हिंदीत घरच्यांबरोबर बसायचं असेल तर यश चोप्रांचा 'इत्तेफाक', १९६९, राजेश खन्ना आणि नंदा, बराचसा एक घर, एक रात्र, आणि एकही गाणं नाही. तो गुजराती नाटकावरून आलाय. फक्त त्यात खुनी कोण हे शेवटपर्यंत झाकून ठेवलंय, म्हणजे 'रोप'च्या बरोबर उलटी पद्धत, त्यामुळं दोन्ही एकाच आठवड्यात बघितले तर जास्त कळतंय. ज्यांनी आधी बघितलाय त्यांना मागच्या रांगेत बसवा.